डेझर्ट हॉट स्प्रिंग्सला गाडीने जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॉस एंजेलिसच्या पूर्वेला साधारण ११० मैलांवर, कोचेला खोऱ्याच्या उत्तर कडेला डेझर्ट हॉट स्प्रिंग्स नावाचं गाव आहे. भोवती वाळवंट, कायम वारा, आणि जमिनीखाली गरम पाणी. दक्षिण कॅलिफोर्नियात राहायला आल्यापासून आम्ही जवळजवळ दर हिवाळ्यात तिथे जातो. दोनदा भारतातून आलेल्या आईबाबांना घेऊन गेलो, एकदा नुसते दोघंच. ओळखीपाळखीतून दरवेळी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

माझं मत आधीच सांगते. ही सहल पळापळीची नाही. तिथे बघण्यापेक्षा बसण्याचं सुख मोठं आहे. सकाळी निघून पाच ठिकाणं उरकून रात्री घरी यायचं असेल तर दुसरीकडे जा. इथे दोन रात्री तरी द्या.

पाम स्प्रिंग्स आणि हे गाव एकच का?

नाही. पाम स्प्रिंग्स आय-१० फ्रीवेच्या दक्षिणेला, सॅन हसिंटो डोंगराच्या अगदी पायथ्याशी आहे. डेझर्ट हॉट स्प्रिंग्स फ्रीवेच्या उत्तरेला, चढावर. मध्ये गाडीने वीसेक मिनिटांचं अंतर. दुकानं, रेस्टॉरंटं, रात्रीची वर्दळ सगळी पाम स्प्रिंग्सला, इकडे शांतता.

पाम स्प्रिंग्सच्या मध्यभागीही गरम पाण्याचा एक झरा आहे. तो आग्वा कालिएन्ते या जमातीचा, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी कहुइया लोकांचा. आग्वा कालिएन्ते म्हणजे स्पॅनिशमध्ये गरम पाणीच. २०२३ मध्ये जमातीने त्या झऱ्यावर नवं स्नानगृह आणि शेजारी आपल्या इतिहासाचं संग्रहालय उघडलं. पण तो झरा सोडला तर पाम स्प्रिंग्सच्या हॉटेलांतले तलाव साध्या पाण्याचे असतात. बुकिंग करताना हॉटेल कुठल्या गावात आहे आणि पाणी त्यांच्या स्वतःच्या गरम विहिरीचं आहे का, एवढं नक्की बघा. नावात ‘स्प्रिंग्स’ वाचून खोली घेतली आणि तिथे नुसता पोहण्याचा तलाव निघाला, असं आमच्या ओळखीत दोघांचं झालंय.

पाणी गरम कशामुळे? जवळ ज्वालामुखी आहे का?

ज्वालामुखी नाही. गावातून सॅन आंद्रेआस या प्रसिद्ध भूकंपरेषेचा मिशन क्रीक नावाचा फाटा जातो. पावसाचं आणि डोंगरावरच्या बर्फाचं पाणी खोल मुरतं, खालच्या उष्णतेने तापतं आणि या फाट्यालगतच्या भेगांमधून वर येतं. गंमत पुढे आहे. लाखो वर्षं खडक एकमेकांवर घासून त्यांचं बारीक पीठ झालंय, आणि ते जमिनीत भिंतीसारखं उभं आहे. त्यामुळे एका बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूला सहज जात नाही. भिंतीच्या उत्तरेला गरम पाणी, दक्षिणेला गार.

हे पहिल्यांदा हाताने खणून पाहिलं कॅबट यर्क्सा या माणसाने. १९१३ मध्ये तो इथे जमीन घेऊन राहायला आला. पिण्याचं पाणी मैलोन्मैल चालून आणावं लागायचं, सोबतीला एक गाढव. कुदळ-फावड्याने विहीर खणली तर गरम पाणी लागलं. त्याच टेकडीवर थोड्या अंतरावर दुसरी खणली तर गार. त्याने टेकडीचं नाव ‘मिरॅकल हिल’ ठेवलं. पुढे १९४१ मध्ये एल. डब्ल्यू. कॉफी यांनी इथे स्नानगृह उघडून गाव वसवलं, आणि १९६३ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला. भिंतीपलीकडचं ते गार पाणी आज गावाच्या नळाला येतं, आणि चवीच्या स्पर्धेत त्याला पदकं मिळाली आहेत. तेव्हा हॉटेलात बाटलीबंद पाण्यावर पैसे घालवू नका, नळाचं प्या.

वज्रेश्वरीसारखी कुंडं असतात का? गंधकाचा वास येतो का?

हा प्रश्न आईने विचारला होता, आणि मराठी घरातून येणारं प्रत्येकजण विचारतंच. नाही. इथे देऊळ नाही, नदी नाही, उघड्यावर वाहणारा झराही नाही. प्रत्येक हॉटेल आपल्या विहिरीतून पाणी उपसतं. ते अंगावर घेता येणार नाही इतकं गरम असतं, म्हणून निववून तलावात सोडतात. बहुतेक ठिकाणी दोन-तीन तलाव असतात: एक कोमट, पोहता येईल असा; एक-दोन जास्त गरम, नुसते बसायचे.

वास मात्र येत नाही. गंधकाचा तो उकडलेल्या अंड्यासारखा दर्प इथल्या पाण्याला नाही, आणि हीच या गावाची खासियत. बाहेर आल्यावर अंग मऊ लागतं, वास बघायला नाक लावलं तरी काही नाही. आईला सुरुवातीला शंकाच आली की हे नुसतं तापवलेलं पाणी तर नाही! मालकांनी तिला नेऊन विहिरीचा पाइप दाखवला तेव्हा कुठे समाधान झालं.

कधी जावं?

ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत. जानेवारीत दिवसा साधारण ७० फॅरनहाइट, म्हणजे २१ सेल्सिअस; रात्री ४०-४५ फॅरनहाइटपर्यंत उतरतं. बाहेर गारठा, अंग गरम पाण्यात आणि वर चांदण्या. त्यासाठीच जायचं.

जून ते सप्टेंबर ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या वर पारा जाणं नेहमीचं. खोल्या तेव्हा स्वस्त मिळतात, आणि त्या मोहात पडून आम्ही एकदा जुलैत गेलो. दिवसभर खोलीत कोंडून बसलो आणि रात्री दहा वाजताही पाण्यात उतरावंसं वाटेना. मुलं चपला न घालता तलावाकडे धावली तर फरशीने पाय भाजले. पुन्हा नाही.

एप्रिलमध्ये याच खोऱ्यातल्या इंडिओ गावात कोचेला संगीत महोत्सव असतो. त्या आठवड्यांत अख्ख्या खोऱ्यात खोल्यांचे भाव आकाशाला भिडतात, तारखा आधी बघा. आणि शक्य असेल तर सोमवार ते गुरुवार जा. शनिवारी तलावात बसायला जागा शोधावी लागते. मंगळवारी तोच तलाव तुमचा एकट्याचा.

लॉस एंजेलिसहून कुठल्या रस्त्याने जायचं?

आय-१० पूर्व. सॅन बर्नार्डिनो, रेडलँड्स, बोमाँट, बॅनिंग, कॅबझॉन. ऑरेंज काउंटीहून निघालात तर ९१ आणि ६० धरून बोमाँटला आय-१० ला लागा. रस्ता मोकळा असेल तर दोन तास. शुक्रवारी दुपारी तीननंतर निघालात तर तीन-चार तासही लागू शकतात. आम्ही शुक्रवारी जायचं असेल तर सकाळी मुलांना शाळेत सोडण्याऐवजी थेट गाडीत बसवतो, किंवा मग शनिवारी पहाटे निघतो.

बोमाँटपाशी रस्ता सुमारे २,६०० फुटांवर असतो. तिथून पुढे सॅन गोर्गोनिओ खिंड. उत्तरेला सॅन गोर्गोनिओ शिखर, ११,५०० फुटांचं; दक्षिणेला सॅन हसिंटो, १०,८०० फुटांहून उंच. हिवाळ्यात दोन्हीच्या डोक्यावर बर्फ आणि मध्ये आपण वाळवंटात उतरतोय. तेवढा वेळ गाणी बंद करा आणि बाहेर बघा.

कॅबझॉनला रस्त्यालगत काँक्रीटचे दोन प्रचंड डायनासोर आहेत. क्लॉड बेल नावाच्या कलाकाराने १९६० च्या दशकात कामाला सुरुवात केली. मोठा डायनासोर १५० फूट लांब आहे. मुलं बरोबर असतील तर थांबावंच लागतं. तिथेच आउटलेट मॉल आहे. तिकडे शिरलात तर तीन तास गेले समजा.

पुढे पवनचक्क्या सुरू झाल्या की ६२ नंबरच्या हायवेचा एक्झिट घ्या, उत्तरेकडे वळा आणि उजवीकडे पिअरसन बुलेवार्डने गावात शिरा. दुसरा पर्याय पाम ड्राइव्हचा एक्झिट, तो गावाच्या मुख्य रस्त्याने वर नेतो. इंडियन कॅन्यन ड्राइव्हसुद्धा नकाशात दिसतो, पण जोराचा वारा किंवा पाऊस असला की वाळू साचून किंवा पाणी येऊन तो वारंवार बंद होतो. नकाशा दाखवतो म्हणून डोळे मिटून जाऊ नका.

सॅन डिएगो, बे एरिया किंवा फिनिक्सहून?

सॅन डिएगोहून आय-१५, २१५, ६० आणि मग आय-१०, सव्वादोन-अडीच तास. वेळ असेल तर डोंगरातून ७४ नंबरच्या रस्त्याने पाम डेझर्टला उतरा. पाइनच्या जंगलातून थेट ताडाच्या झाडांपर्यंत जाणारा तो घाट फार सुंदर आहे. ज्यांना वळणांनी मळमळतं त्यांना मात्र आधी गोळी द्या.

बे एरियाहून ५०० मैलांच्या आसपास, आठ-नऊ तास. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर एका दिवसात करू नका. पाम स्प्रिंग्सला विमानतळ आहे, तिथे उतरून गाडी भाड्याने घ्या.

फिनिक्सहून आय-१० पश्चिमेला, चार तास. इथे तीन गोष्टी. ब्लाइद आणि इंडिओ यांच्यामध्ये जवळजवळ शंभर मैल सुनसान आहे, म्हणून ब्लाइदला टाकी भरा. मध्ये चिरियाको समिटला पेट्रोल आणि खायला मिळतं, आणि जनरल पॅटनचं रणगाड्यांचं संग्रहालयही आहे. दुसरं, ऍरिझोना घड्याळं बदलत नाही, त्यामुळे हिवाळ्यात कॅलिफोर्निया एक तास मागे असतं. तिसरं आपल्या लोकांसाठी खास: कॅलिफोर्नियात शिरताना ब्लाइदपाशी शेतीखात्याची तपासणी चौकी लागते. घरची संत्री, लिंबं, ताजा कढीपत्ता किंवा त्याचं रोप बरोबर घेऊ नका. लिंबूवर्गीय झाडांना रोग पसरवणारा किडा कढीपत्त्यावरही वाढतो, म्हणून ते काढून घेतात.

वाऱ्याचं एवढं का सांगतात?

कारण तो खरंच तसा आहे. समुद्राकडची गार हवा त्या अरुंद खिंडीतून तापलेल्या वाळवंटाकडे ओढली जाते. नळाच्या तोंडावर बोट दाबून धरलं की पाणी जोरात उडतं, तसं. म्हणून तर १९८० च्या दशकापासून इथे पवनचक्क्या उभ्या आहेत. सर्वांत जास्त वारा मार्चपासून जूनपर्यंत.

गाडी पार्क केल्यावर दार सावकाश, घट्ट धरून उघडा; वारा दार हिसकावून घेतो आणि बिजागरी वाकते. लहान मुलांना स्वतः दार उघडू देऊ नका. उंच व्हॅन किंवा छपरावर सामान असेल तर वेग कमी ठेवा. वाळू उडत असेल तर काचेवर बारीक खड्डे पडतात, अशा वेळी वाळूच्या पट्ट्यातून जाणारे रस्ते टाळून लांबून जा. आणि समोरचं काहीच दिसेनासं झालं तर रस्त्यावरून पूर्ण बाजूला उतरा, दिवे बंद करा, पाय ब्रेकवरून काढा. दिवे चालू ठेवले तर मागचा माणूस तुमच्या दिव्यांमागे रस्ता आहे असं समजून येऊन आदळतो.

इलेक्ट्रिक गाडी नेली तर?

नेता येते. जाताना काहीच वाटत नाही, कारण उतार असतो आणि वारा पाठीशी. परत येताना दोन्ही उलटं. गाव सुमारे १,१०० फुटांवर, बोमाँट २,६०० वर, आणि वारा थेट तोंडावर. जाताना लागली तेवढीच बॅटरी येताना लागेल हा हिशेब इथे चुकतो. परतताना जास्तीची बॅटरी भरूनच निघा. कॅबझॉनच्या मॉलपाशी चार्जिंग आहे, पण रविवारी संध्याकाळी तिथे रांग असते.

गाडीत काय ठेवावं?

माणशी एक गॅलन पाणी. टायरची हवा आणि कूलंट घरूनच बघून निघा. चार्जर, टोप्या, सनस्क्रीन, एक जाड चादर. रात्री पाण्यातून खोलीपर्यंत जायला जाड पंचा किंवा रोब. ओल्या अंगाला वारा फार बोचतो. रबरी चपला. आणि एक फणी, ती कशाला ते पुढे सांगते. उन्हाळ्यात इन्सुलिन किंवा इतर औषधं बंद गाडीत दहा मिनिटंसुद्धा ठेवू नका.

हॉटेल कसं निवडायचं? मुलं चालतात का?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि लोक तो बुकिंग झाल्यावर विचारतात.

गावात दोन प्रकार आहेत. मिरॅकल स्प्रिंग्ससारखी मोठी हॉटेलं, ज्यात बरेच तलाव आणि खाण्यापिण्याची सोय असते. आणि १९४०-५० च्या दशकांतल्या बैठ्या मोटेलांची केलेली छोटी हॉटेलं, मध्ये तलाव आणि भोवती दहाबारा खोल्या. दुसऱ्या प्रकारातली बहुतेक फक्त प्रौढांसाठी असतात. मुलांना आत घेतच नाहीत, आणि ते फोनवर विनवून बदलत नाही. काही ठिकाणी कपडे न घालता पाण्यात बसायची मुभा असते; वेबसाइटवर ते लिहिलेलं असतं, पण ठळक नसतं. आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर हे वाचल्याशिवाय पैसे भरू नका. नंतर कुणालाच अवघडल्यासारखं व्हायला नको.

फोन करून मी हे विचारते: मुलं चालतात का आणि कुठल्या वयापासून. तलाव रात्री किती वाजेपर्यंत उघडे असतात (काही ठिकाणी दहाला बंद होतात, मग चांदण्याची मजाच गेली). तलावात उतरायला धरायला कठडा आहे का. खोलीत छोटं स्वयंपाकघर आहे का. रिसॉर्ट फी वेगळी लागते का.

माझी निवड विचाराल तर मुलांबरोबर मोठं हॉटेल, दोघंच असाल तर छोटं. छोट्या हॉटेलात रात्री कुणी मोठ्याने बोलत नाही, आणि सकाळपर्यंत शेजारच्या खोलीतल्या माणसांची ओळख झालेली असते.

एका दिवसापुरतं जाता येतं का?

येतं. काही हॉटेलं दिवसाचा पास देतात, बहुधा आठवड्याच्या मधल्या दिवशी. आधी फोन करा. पण चार तास गाडीत आणि तीन तास पाण्यात, आणि चांदणं नाहीच. मी सुचवणार नाही.

पाण्यात किती वेळ बसावं?

एका वेळी दहा-पंधरा मिनिटं. मग बाहेर, सावलीत, पाणी प्या, पुन्हा जा. १०४ फॅरनहाइट, म्हणजे ४० सेल्सिअस, ही वरची मर्यादा. इतक्या गरम पाण्यात शरीराला स्वतःची उष्णता नीट बाहेर टाकता येत नाही. पहिल्याच सहलीत मी सलग चाळीस मिनिटं बसले. उठले तेव्हा डोळ्यांपुढे अंधार आला आणि नवऱ्याने धरलं म्हणून पडले नाही. तेव्हापासून घड्याळ समोर ठेवते.

दारू घेऊन पाण्यात उतरू नका, एक ग्लाससुद्धा नाही. भरल्या पोटीही नको. आणि उठताना आधी काठावर दोन मिनिटं बसा.

आईबाबांना बीपी, साखर आहे. चालेल का?

भारतातून निघतानाच त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. गरम पाण्यात रक्तवाहिन्या पसरतात आणि रक्तदाब उतरतो. बीपीच्या गोळ्यांनी तो आणखी उतरतो. उभं राहिल्यावर चक्कर येते ती त्यामुळे. मधुमेहात दोन धोके: पायाला संवेदना कमी असेल तर भाजलेलं कळत नाही, आणि इन्सुलिन घेतल्यावर लगेच गरम पाण्यात गेलं तर ते नेहमीपेक्षा लवकर अंगात भिनून साखर घसरू शकते. हृदयविकार असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नको. गरोदर बायकांनी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, गरम तलावात बसू नये. अंगाचं तापमान वाढणं बाळाला धोक्याचं असतं. पाच वर्षांखालच्या मुलांनाही गरम तलावात उतरवू नका, त्यांना कोमटात खेळू द्या.

आमच्या बाबांना गोळ्या चालू आहेत, म्हणून ते कोमट तलावात, छातीपर्यंतच, आठ-दहा मिनिटं बसतात. काठावर कुणीतरी असतंच. आईचे गुडघे दुखतात. ते या पाण्याने बरे होतात असं मी म्हणणार नाही, कारण तसं नाही. पण दोन दिवस तिचं उठणंबसणं सोपं झालं होतं आणि ती रात्री गाढ झोपली. तेवढ्यासाठीही मी पुन्हा नेईन.

काही झालंच तर ९११. मोठं रुग्णालय पाम स्प्रिंग्सला आहे, डेझर्ट रीजनल मेडिकल सेंटर. आईबाबांच्या प्रवासी विम्याचा कागद फोनमध्ये ठेवा.

डोकं बुडवलं तर काय होतं?

बुडवू नका, आणि नाकात पाणी जाऊ देऊ नका. गरम गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा एक अमीबा राहू शकतो, तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचला तर जवळजवळ नेहमी जीव घेतो. हे अत्यंत दुर्मीळ आहे, आणि देखभाल असलेल्या तलावात धोका फारच कमी. डोंगरातल्या उघड्या झऱ्यांवर तो जास्त. सवय मात्र सगळीकडे एकच ठेवा.

काय घालायचं?

पोहण्याचे कपडे. आईला लांब बाह्यांचा पोहण्याचा टॉप आणि गुडघ्यापर्यंतची पँट घेतली होती, ती कुठेही चालते. साडी, सुती गाउन, जीन्स चालत नाही. उतरण्यापूर्वी शॉवर घ्या, अंगाला तेल असेल तर धुऊन टाका.

जेवणाचं काय?

गावात खायची ठिकाणं मोजकीच, मेक्सिकन बरी मिळतात. शाकाहारी असाल तर बीन्स आणि भात लार्डशिवाय (डुकराच्या चरबीशिवाय) आहेत का ते विचारून घ्या. पाम स्प्रिंग्सला भरपूर पर्याय आहेत, पण पाण्यातून उठून वीस मिनिटं गाडी चालवायचा कंटाळा येतो. खोलीत स्वयंपाकघर असलेलं हॉटेल घ्यायचं कारण हेच. आम्ही तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट, तूप आणि दोन दिवसांच्या दशम्या नेतो. गरम पाण्यातून बाहेर आल्यावर मऊ खिचडी खाल्ली की दुसरं काही सुचत नाही.

आजूबाजूला काय बघावं?

एका दिवसात एकच गोष्ट.

गावातच कॅबट यर्क्साचं घर आहे, आता संग्रहालय झालंय. होपी या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या घरांसारखं, टाकाऊ लाकूड, जुने खांब, माती यांतून त्याने १९४१ पासून बांधायला घेतलं आणि १९६५ मध्ये मरेपर्यंत बांधत राहिला. ३५ खोल्या, १५० खिडक्या, ६५ दारं. आत मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं, वेळ आधी नक्की करा. बाबा तिथे दोन तास रमले. हाताने काही बनवणाऱ्या माणसाला ते घर लगेच कळतं.

जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाचं पश्चिमेचं प्रवेशद्वार ६२ नंबरच्या रस्त्याने पाऊण तासावर. एका गाडीला ३० डॉलर, ७ दिवस चालतात. आत खायला काही मिळत नाही, पेट्रोल नाही, फोनला सिग्नल बहुतेक नाही. नकाशा आधीच डाउनलोड करा. उद्यानातल्या कीज व्ह्यू या उंच जागेवरून अख्खं कोचेला खोरं आणि सॅन आंद्रेआसची रेष दिसते. आपण ज्या पाण्यात बसलो ते कुठून आलं, ते तिथे उभं राहिल्यावर समजतं. फणी इथेच लागते: चोया नावाच्या निवडुंगाचे गोळे नुसता धक्का लागला तरी अंगाला चिकटतात, ते हाताने नाही, फणीने उडवून काढायचे.

पाम स्प्रिंग्सचा रोपवे १९६३ पासून चालू आहे. फिरणारा पाळणा दहाएक मिनिटांत २,६४३ फुटांवरून ८,५१६ फुटांवर नेतो. खाली टी-शर्ट, वर बर्फ. स्वेटर विसरू नका.

आणि खजूर. इंडिओच्या बाजूला खजुराच्या बागाच बागा आहेत, अमेरिकेतला बहुतेक खजूर या खोऱ्यात पिकतो. मेजूल सगळ्यांना माहीत असतो. तुम्ही देगलेत नूर घेऊन बघा, कमी गोड आणि चावायला छान. खजुराचा मिल्कशेक एकाने एक संपत नाही, दोघांत घ्या.

व्हिजावर आहोत, काही काळजी?

पासपोर्ट जवळ ठेवाच, विशेषतः सॉल्टन सी या खाऱ्या तलावाच्या बाजूला जाणार असाल तर. तिकडून ८६ किंवा १११ नंबरच्या रस्त्याने उत्तरेकडे येताना बॉर्डर पेट्रोलची, म्हणजे सीमा पोलिसांची, चौकी लागते, कागद विचारू शकतात. दुसरं, या गावात गांजाची कायदेशीर लागवड आणि दुकानं आहेत. राज्याच्या कायद्याने चालतं, पण केंद्राच्या कायद्याने अजून गुन्हा आहे, आणि व्हिजा केंद्राच्या हातात. कुतूहल म्हणूनही विकत घेऊ नका. भारताचा वाहनपरवाना असलेले पाहुणे कॅलिफोर्नियात गाडी चालवू शकतात. पण वाऱ्याच्या त्या खिंडीत पहिल्यांदाच उजवीकडून चालवायची सवय करू नका.

भूकंपाची भीती नाही का?

गाव भूकंपरेषेवरच आहे, हे खरं. १९४८ मध्ये इथे ६ रिश्टरहून मोठा धक्का बसला होता, आणि १९९२ चा लँडर्सचा ७.३ चा भूकंप इथून फार लांब नव्हता. पण दक्षिण कॅलिफोर्नियात राहणारे आपण घरीही त्याच रेषेच्या आसपास झोपतो. चपला पलंगापाशी, टॉर्च हाताशी, पाणी गाडीत. एवढं करा आणि निर्धास्त झोपा.

परतीच्या दिवशी पाण्यात बसावं का?

जरूर. पहाटे सहाला, कुणी उठायच्या आत. सूर्य पूर्वेकडून येतो आणि समोर सॅन हसिंटोचा माथा आधी गुलाबी होतो, मग सोनेरी. खोली सोडल्यावरही दुपारपर्यंत तलाव वापरू देतात का ते आदल्या रात्री विचारा. बरीच छोटी हॉटेलं देतात. फक्त जो गाडी चालवणार त्याने निघण्याआधी तासभर बाहेर येऊन कॉफी आणि नाश्ता घ्यावा, कारण या पाण्यानंतर डोळे मिटायला लागतात आणि बोमाँटपर्यंतचा चढ लांब आहे. आमच्याकडे जाताना नवरा चालवतो, येताना मी. त्यामुळे त्या शेवटच्या सकाळी तो पाण्यात आणि मी काठावर, पाय सोडून.